खिडकीकडचा ट्रे

बायकोचं कौतुक ऐकलं की नवऱ्याने मोबाईल काढून बसावं, हे बायजाबाईंना बिलकूल पसंत नव्हतं. शेजारच्या सुमतीने "ऋतिकाचा फोटो पेपरात आलाय हो" म्हटलं, की त्यांचा मुलगा अद्वय मान खाली घालून बोट फिरवत सुटे.

"अरे, तुझ्याच बायकोचा फोटो आहे, का माझ्या?" त्यांनी एकदा सगळ्यांदेखत विचारलं होतं. घर हसलं. अद्वय नाही.

कोपरच्या त्या घरात दोन डॉक्टर होते आणि दोघांनाही सर्दीवर औषध देता येत नव्हतं. शीळफाट्याच्या पलीकडे एका संशोधन संस्थेत दोघेही पोस्टडॉक, म्हणजे पीएचडी करून मुदतीवर ठेवलेले संशोधक. मुलगा बाटल्यांत जिवाणू वाढवून त्यांच्याकडून खत करून घेऊ बघत होता. सून भाताला खाऱ्या पाण्यात जगायला शिकवत होती. नवा गुण कॉम्प्युटरवर रचायचा आणि मग रोपात घालायचा. मुलाचं काम वरच्यांनी बंद केलं. त्याची यंत्रं हलवली आणि त्या जागी सुनेसाठी काचेची खोली बांधली.

शनिवारी दुपारी सुनेचा फोन आला.

"आई, माझ्या खोलीतली रोपं कुणीतरी मारली."

"रडायचं ते घरी येऊन रड. नीघ."

ती आली. बायजाबाईंनी चहा पुढे ठेवला आणि समोर बसल्या.

"आता सांग. काय झालं?"

"दोन ट्रे होते. एकात माझी नवी रोपं, दुसऱ्यात साधी. सोमवारपासून दोघांना खारं पाणी घालायचं होतं. साधी मरायला हवीत, माझी जगायला हवीत, तरच कुणी विश्वास ठेवणार. आज बघते तर एक ट्रे पिवळा पडलाय. फरशी धुतल्यावर येतो तसा उग्र वास."

"कुठला मेला?"

"साधा."

"मग तुझा जिवंत आहे की!"

"साधा नसेल तर माझ्याला काय अर्थ, आई? आमचे प्रयोगशाळेचे सर म्हणतात, तुझ्याच हातून जंतुनाशक औषध सांडलं असेल. सोमवारी मुदतवाढीचं ठरणार. अशा निष्काळजी बाईला कोण ठेवेल?"

"दोन्हींत फरक दिसतो?"

"खारं पाणी पडेपर्यंत अजिबात नाही. ट्रेवर नुसते आकडे लिहिलेत, कुणाला कळू नये म्हणून. पण माझा ट्रे खिडकीकडे असतो हे सगळ्यांना ठाऊक."

"मग खिडकीकडचा मेला की आतला?"

"खिडकीकडचाच. पण काल संध्याकाळी मी जागा पालटली होती. ऊन दोघांना सारखं मिळावं म्हणून मधूनमधून पालटावी लागते."

बायजाबाईंनी बशी खाली ठेवली.

"पालटताना कोण होतं?"

"उर्वी, माझ्या हाताखाली शिकणारी. तिने ट्रे उचलायला हात लावला. विनीतही तिथेच काम करतो, त्याची टोमॅटोची रोपं मध्ये होती, त्याने ती सरकवून दिली."

"खोलीची किल्ली कुणाकुणाकडे?"

"आम्हा तिघांकडे. आणि अद्वयकडे, जुनी. दार तेच आहे."

"कुठला मेला हे कुणाला सांगितलंस?"

"सरांनी बघितलं आणि लगेच वर आपलं कुलूप घातलं. बाकी फक्त तुम्हाला."

"नवऱ्याला?"

"त्याने विचारलंच नाही."

रविवारी बायजाबाईंनी विनीत आणि उर्वीला जेवायला बोलावलं. कोलंबीचं कालवण उकळत होतं. अद्वय भांडी काढून देत होता.

"बायकोला जरा धीर दे रे," त्या म्हणाल्या.

"काय धीर देणार? एवढ्या वर्षांच्या मेहनतीची रोपं गेली. आता साधी तेवढी उरलीत, त्यांनाच पाणी घालत बसेल."

बायजाबाईंनी कालवणात मीठ घातलं. चव बघितली.

पानं वाढली. पहिला घास गिळायच्या आत त्यांनी विनीतला गाठलं.

"काय रे, माझ्या सुनेवर जळतोस म्हणे?"

विनीतला ठसका लागला. "जळतो, काकू. खोटं कशाला बोलू? माझे टोमॅटो बघायला कुणी येत नाही. पण रोपं मारण्याइतका नाही."

"आणि तू गं?"

"मला तर पुढे ऋतिकाताईच्याच जागेवर यायचंय," उर्वी म्हणाली. "मीही जळतेच थोडी."

"बरं झालं. जळणारे सगळे एका पंगतीत बसलेत." बायजाबाईंनी पदर खोचला. "आता ऐका. ज्याने औषध ओतलं, त्याला ऋतिकाची रोपं मारायची होती. साधी मारायला कोण जाईल? पण मेली साधीच."

"साधी?" विनीत आणि उर्वी एकदम म्हणाले.

अद्वयचा हात पानावरच राहिला.

"म्हणजे चोराला ट्रे पालटल्याचं माहीत नव्हतं. विनीत, तू वाट करून दिलीस. उर्वी, तू ट्रे उचललास. तुम्ही ओतलं असतं तर नेमक्या ट्रेत ओतलं असतं. राहिली चौथी किल्ली. बाटल्यांवर काम करणाऱ्याला ट्रेच्या जागा पालटतात हे कुठून ठाऊक? तो खिडकीशी गेला आणि मोकळा झाला."

"आई, हे काय चाललंय?" अद्वय म्हणाला.

"मघाशी स्वयंपाकघरात तू म्हणालास, ऋतिकाची रोपं गेली, साधी उरली. तुला कुणी सांगितलं?"

"हिनेच असेल…"

"मी नाही सांगितलं," ऋतिका म्हणाली. "कालपासून वाट बघत होते, तू विचारशील म्हणून."

अद्वयने पान पुढे सारलं.

"ती खिडकी माझी होती," अद्वय शेवटी म्हणाला. "माझं यंत्र तिथे होतं, आई. तिच्यासाठी उचललं. आणि रोज घरी येऊनही तिचंच कौतुक. तुझ्या तोंडूनसुद्धा."

ऋतिका उठून खिडकीशी गेली. बायजाबाईंनी तिला जाऊ दिलं. मग मुलाकडे वळल्या.

"पोटचा आहेस म्हणून पांघरूण घालीन, असं वाटत असेल तर विसर. उद्या तिच्या सरांपुढे तू स्वतःच्या तोंडाने सांगशील, आणि मी दाराशी बसून ऐकेन. नोकरी गेली तर जाऊ दे. बायकोच्या पानात माती कालवणाऱ्याला मुलगा म्हणणं मला चुकायचं नाही, अद्वय. पण माणूस म्हणायचं की नाही, ते आता ही ठरवेल."