फौजदाराचा सापळा

वाऱ्याने फलकाचं एक टोक सुटलं आणि शिडीवर उभ्या असलेल्या तिच्या तोंडावर फाडकन आपटलं. तोल जाणार, तेवढ्यात खालून कुणीतरी शिडी घट्ट धरली.

“‘समान काम, समान...’ पुढचं दिसत नाही,” खालून आवाज आला.

“पगार!” ती फलकामागून ओरडली. “आणि शिडी धरायला मी कुणाला सांगितलं नव्हतं.”

“सोडू?”

“...नको.”

ती उतरली तेव्हा तो हसत होता. हातांना साबणाचा वास, बाहीवर पिठाचा डाग. अरे, हा तर कॉलेजच्या कॅन्टीनमालकाचा भाचा! तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. हा फलक त्याच्या मामाविरुद्धच तर होता. कॅन्टीनमध्ये रांधणाऱ्या, भांडी घासणाऱ्या बायकांना गल्ल्यावरच्या पुरुषांपेक्षा पगार कमी, आणि घरी जायला उशीर मात्र जास्त. म्हणून विद्यार्थिनींनी शुक्रवारी प्राचार्यांसमोर सभा ठेवली होती आणि सगळी धुरा हिच्याकडे दिली होती. घरी धाकटा भाऊ तिला ‘फौजदार’ म्हणायचा. कॉलेजातही तेच नाव रुळलं होतं.

भाचा मग रोजच येऊ लागला. खुर्च्या लावायला, भित्तिपत्रकं चिकटवायला. येताना तिच्यासाठी चहा.

“सभेत बोलणार कोण?” त्याने एकदा विचारलं.

“तुम्हाला कशाला नसत्या चौकशा?”

“चौकशी नाही... काळजी.”

“मामांची?”

“तुम्ही सगळ्यांचीच अशी उलटतपासणी घेता, की मी खास आहे?”

तिला हसू फुटत होतं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला.

“कुठेतरी पाणी मुरतंय,” ती मैत्रिणीला म्हणाली. “मामाच्या घरी जेवतो आणि आपल्या खुर्च्या उचलतो?”

“तुझ्याकडे बघत उचलतो, बये! एक खुर्ची ठेवायला केवढा वेळ लावतो ते बघ.”

खरी पंचाईत वेगळीच होती. बोलायला एकही बाई तयार नव्हती. नोकरी गेली तर काय, ही धास्ती. त्यात मालकाला आपल्या सगळ्या हालचाली आधीच कळतात, असं फौजदाराला वाटू लागलेलं. शेवटी तिने सापळा रचला. मोरीवरच्या मावशी कधी कुणाशी बोलत नसत. मान खाली घालून भांडी घासत.

“मोरीवरच्या मावशी बोलणार आहेत,” तिने भाच्याला हळूच सांगितलं. “कुठे बोलू नका.”

मालकाने मावशींना झापलं, की खबऱ्या सापडला. मावशींना तर यातलं काहीच ठाऊक नाही, त्या सरळ ‘नाही’ म्हणतील... तिने स्वतःची समजूत घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काचेच्या दारापलीकडे मालक हातवारे करत होता आणि समोर मावशी उभ्या होत्या. फौजदाराच्या अंगाचा तिळपापड झाला. काळजातही काहीतरी दुखलं, पण तिकडे तिने लक्ष दिलं नाही. ती तडक भाच्यासमोर गेली.

“नाव तुम्हीच फोडलंत! ते फक्त तुम्हालाच ठाऊक होतं, कारण... कारण मी ते मनानेच रचलं होतं!”

त्याने हातातला ट्रे खाली ठेवला. “रचलं होतं? म्हणजे तुम्ही मावशींना विचारलंसुद्धा नव्हतं?”

“विषय बदलू नका.”

“मी मामाला काही सांगितलं नाही. मावशींना एवढंच म्हणालो, बोलणाऱ्यांत तुमचं नाव लागलंय, तुम्ही सभेला जा, तुमची भांडी मी घासतो. आणि आज त्या स्वतःहून मामापुढे गेल्या... मी बोलणार आहे, हे सांगायला.”

मावशी बाहेर आल्या तेव्हा तिने अडखळत सगळं कबूल केलं. “तुम्ही तयार व्हाल, असं वाटलंच नव्हतं...”

“मग विचारायचं होतंस,” पदराला हात पुसत मावशी म्हणाल्या. “कुणी विचारलंच नाही. नाव लागलंय म्हटल्यावर वाटलं, आपणही आहोत कुणाच्या तरी ध्यानात. आता काढू नकोस ते.”

शुक्रवारी मावशी माइकपासून लांबच उभ्या राहिल्या, तरी आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “गल्ल्यावरच्या मुलाला काम मी शिकवलं. चांगला आहे पोरगा. पण त्याला माझ्यापेक्षा जास्त का, तेवढं मालकांनी सांगावं.”

सगळ्या माना मालकाकडे वळल्या. तो रुमालाने कपाळ पुसत राहिला. उत्तर शेवटी प्राचार्यांनीच दिलं: यापुढे कॅन्टीनच्या करारात समान पगाराची अट असेल.

टाळ्यांच्या गजरात फौजदाराचे डोळे एकालाच शोधत होते. तो मोरीवर होता, कोपरापर्यंत फेसात.

“अट मान्य झाली,” ती दारातून म्हणाली.

“ऐकलं.” त्याने मागे वळून पाहिलं नाही.

“मामा?”

“धरतील अबोला काही दिवस.”

तिने एक ताट उचललं, नुसतंच हातात धरलं. “मी चुकले. तुमच्याबद्दल... तुझ्याबद्दल.”

‘तुझ्या’वर त्याचा हात थबकला. “सगळंच काही चुकलं नाही,” तो म्हणाला. “सुरुवातीला मी खुर्च्या उचलायला आलो, तो तुझ्यासाठीच. बायकांसाठी म्हणालो असतो, तर खोटं झालं असतं.”

“मला तू आवडतोस,” ती झटकन बोलून गेली.

त्याने डोळे बारीक केले. “हे आता कुणाला अडकवायला?”

“कुणाला नाही... मीच अडकलेय.”

तो तिला निरखत राहिला. एकेक शब्द पारखून घेत असल्यासारखा. ती कानांपर्यंत लाल झाली, पण नजर काही तिने खाली केली नाही. मग तो बाजूला सरकला आणि नळाखाली तिच्यासाठी जागा केली.