काकीला पोचवायचं राहिलं

डायलिसिसच्या पेशंटांची गाडी चालवायची म्हणजे फार काही करायचं नसतं. गाडी सावकाश हाकायची, खड्डे चुकवायचे आणि कुणाला मळमळलं तर थांबायचं. हितेश हे काम गेली काही वर्षं करत होता. एका ट्रस्टची पांढरी डिझेल व्हॅन होती. आठवड्यातून तीनदा तो पहाटे वेळणेश्वर, हेदवीकडची माणसं घ्यायचा, तवसाळहून फेरीबोटीवर गाडी चढवून खाडी ओलांडायचा आणि जयगडवरून रत्नागिरी गाठायचा. पेशंट मशीनला लागले की गाडीतच पाय पसरून पडायचा. संध्याकाळी पुन्हा तीच वाट. जाताना माणसं सुजलेली असायची, येताना पिळून काढल्यासारखी. परतीच्या वाटेवर कुणी बोलत नसे. स्पिरिटचा वास तेवढा गाडीभर असायचा.

त्याच्या गाडीत तिघंजण. तवसाळची अंगणवाडीसेविका संध्या, हेदवीचे आप्पा आणि वेळणेश्वरची गुणवंतीकाकी. काकीचं सगळं आयुष्य मासळीच्या पाट्या वाहण्यात गेलेलं. शेवटी उतरायची ती. आप्पा उतरले की पुढचा रस्ता काकी आणि हितेश दोघंच.

जुनी गाडी मोडीत निघाली आणि नवी आली, तेव्हा काकी पहिल्याच दिवशी घाबरली. जयगडच्या धक्क्यावर रांगेत गाडी उभी केली, गिअर न्यूट्रलला टाकून हितेशने क्लचवरचा पाय काढला, आणि इंजिन गप्प झालं.

"मेली काय रे गाडी?" काकी मागून ओरडली.

"नाही गं काकी. डिझेल वाचावं म्हणून आपोआप बंद होते. हे बघ, क्लच दाबला की..." त्याने पाय दाबला. इंजिन पुन्हा घुरघुरलं.

पण काकीचं समाधान झालं नाही. मागे कधीतरी ती मशीनवर असताना वीज गेली होती. जनरेटर लागेपर्यंत मशीन थांबलं होतं आणि आपलंच रक्त नळीत उभं राहिलेलं तिने पाहिलं होतं. तेव्हापासून चालतं यंत्र गप्प झालं की तिच्या छातीत धस्स व्हायचं. "चालू ठेव रे बाबा," ती म्हणायची. "माझ्याच्यानं ती शांतता सोसत नाय."

स्टिअरिंगजवळ एक बटण होतं. ते दाबलं की इंजिन बंद पडायचं थांबे. पण किल्ली काढून पुन्हा लावली की गाडी ते विसरायची, त्यामुळे दर खेपेला आठवणीने दाबावं लागे. हितेश काकीसाठी दाबायचा.

भाद्रपदात एका दुपारी मशीनवरून काढल्यावर काकीला बरं वाटेना. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. हितेश भेटायला वर गेला तेव्हा ती म्हणाली, "मला सोडून जाऊ नको हां."

"ठेवून घेतलंय तुला. परवा येतोय ना, तेव्हा नेतो."

त्या रात्रीच काकी गेली. मुलगा बोटीवर होता, तो परभारे आला आणि शववाहिका करून चिपळूणच्या रस्त्याने तिला घरी घेऊन गेला. हितेश बाराव्याला जाऊन पाया पडून आला. त्यानंतर गाडी हेदवीपर्यंतच जायची. आप्पांना उतरवलं की तो मागे फिरायचा. बटणाकडे पुन्हा त्याचा हात गेला नाही.

मग गाडीला एक खोड लागली. रांगेत इंजिन बंद व्हायचं आणि दोन श्वास घेतो न घेतो तोच आपसूक सुरू व्हायचं. क्लचवर पाय नसताना. पहिल्यांदा संध्या दचकली. दुसऱ्यांदा आप्पांनी नुसते डोळे उघडले. तिसऱ्यांदा तिघांच्याही नजरा मागच्या खिडकीजवळच्या, काकीच्या रिकाम्या सीटकडे गेल्या.

हितेशने गाडी सुजयला दाखवली. रत्नागिरीत सुजयचं गॅरेज होतं. त्याने कॉम्प्युटर लावून पाहिलं, बॅटरी तपासली.

"स्वतःहून सुरू होते, त्यात नवल नाही," तो म्हणाला. "बॅटरी उतरायला लागली, ब्रेकचं व्हॅक्यूम कमी झालं, एसीला जोर हवा असला, तर गाडी आपणहून इंजिन उठवते. डिझेल इंजिन फिरवायला ताकद लागते, म्हणून बॅटरी पार बसायच्या आत ती शहाणी होते."

"मग बॅटरी उतरलीय?"

"नाही ना. सगळं उत्तम आहे." सुजयने वायर गुंडाळली. "घाबरू नकोस. ड्रायव्हर जागेवर असेल तरच ती असं करते. पट्टा काढलास, दार उघडलंस की तिला कळतं, माणूस गेला. मग ती झोपते. किल्ली फिरवल्याशिवाय उठत नाही."

हितेशला तेवढं पुरलं. खरं सांगायचं तर विचार करायला अंगात त्राण नव्हतं. घरी बायको आजारी, गाडीत आजारी माणसं, झोप तुकड्यातुकड्यांची. गाडी बंद पडत नाही ना, मग चालू होते तर होऊ दे, असं त्याने मनाला सांगितलं.

आश्विनातल्या एका संध्याकाळी ते जयगडला आले तेव्हा सूर्य बुडाला होता. फेरीबोट अर्धी रिकामी होती. हितेशने गाडी चढवली, हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकून ठेवला आणि किल्ली काढून खिशात घातली. पट्टा सोडून तो खाली उतरला. पाठ इतकी अवघडली होती, की कठड्याला टेकल्यावर त्याला डुलकी आली. पाणी काळं पडत चाललं होतं. डिझेलचा आणि ओल्या दोरांचा वास येत होता.

मागे इंजिन सुरू झालं.

दुसऱ्या कुणाची गाडी असेल, असं त्याला क्षणभर वाटलं. पण ती घुरघुर त्याच्या ओळखीची होती. तो वळला. ड्रायव्हरचं दार त्याने सोडलं तसंच उघडं होतं, सीट रिकामी होती. त्याने खिसा चाचपला. किल्ली खिशातच होती.

आणि गाडी गिअरमध्ये होती. इंजिन असं उठलं तर तिने पुढे उभ्या असलेल्या मोटारसायकलवर उडी घ्यायला हवी होती. ती तसूभरही हलली नाही. नुसती थरथरत उभी होती, थंडी भरलेल्या माणसासारखी.

हितेश धावत जाऊन आत बसला. किल्ली लावून फिरवली, पुन्हा मागे फिरवली. इंजिन थांबलं.

मागे संध्या तोंडावर पदर दाबून बसली होती. आप्पा रिकाम्या सीटकडे पाहत होते. "उगी," ते हळूच म्हणाले. "उगी राहा गो. पोचतोय आता."

"आप्पा... कुणाशी बोलताय?" हितेशने विचारलं.

आप्पांनी डोळे मिटून घेतले.

तवसाळला संध्या उतरली. एरवी ती 'येते' म्हणून चालू लागायची. आज दाराशी थांबली. "हितेशदादा, मी पुढच्या खेपेला एसटीने जाईन म्हणते." मग तिला स्वतःचीच लाज वाटली असावी. "भीती नाही हो. पण मशीनवरून आल्यावर डोळे मिटायचे असतात मला. या गाडीत मिटवत नाहीत."

कातळाच्या सड्यावरच्या रस्त्याला एकही दिवा नव्हता. कापलेल्या भाताचा वास येत होता. हेदवीला आप्पांच्या घराकडे चढणाऱ्या पाखाडीच्या पायऱ्यांशी गाडी थांबली. इंजिन बंद झालं आणि लगेच उठलं. आप्पांनी उतरताना हितेशचा खांदा धरला. हात बर्फासारखा होता.

"मी उतरलो की तू मागं फिरतोस ना?"

"हो."

"म्हणजे दर खेपेला घरापासून एवढ्या जवळ येऊन ती परत जातेय." आप्पांना दम लागला होता. "बाकी काय नाय रे. दमलीय ती. आपल्यासारखीच. तिला पोचव."

हितेशला नाही म्हणायचं होतं. घरी जाऊन आडवं व्हायचं होतं. पण 'परवा नेतो' हे त्याचेच शब्द होते. आणि पुढच्या खेपेला पुन्हा धक्क्यावर ते इंजिन ऐकायचं, याचाच त्याला जास्त कंटाळा आला. भीती त्याच्यानंतर होती. त्याने गाडी वेळणेश्वरच्या रस्त्याला घातली.

वाटेत त्याने आरशात पाहिलं नाही. एकदा फक्त, उतारावर, सवयीने बोलला, "काकी, धर हां. वळण आहे."

काकीचं घर रस्त्याहून थोडं आत, माडांच्या मागे. गाडी उभी राहिली. त्याने गिअर काढला, क्लच सोडला. इंजिन चालूच राहिलं. बसल्या जागेवरूनच त्याने मागचं सरकतं दार उघडणारं बटण दाबलं. दार घरंगळत गेलं, आतला दिवा लागला. बाहेरची खारी हवा आत आली.

"काकी," तो समोरच्या काचेकडे पाहत म्हणाला, "आलं घर. उतर सावकाश."

काही झालं नाही. समुद्राची गाज ऐकू येत होती. मग गाडी किंचित डावीकडे कलली, कुणी पायरीवर भार दिल्यासारखी. कलली आणि सरळ झाली. आणि इंजिन बंद झालं. पुन्हा उठलं नाही.

हितेशने स्टिअरिंगवर डोकं टेकलं. किती वेळ तो तसा होता कुणास ठाऊक. रडू येईल असं त्याला वाटलं, पण तेवढीही शक्ती नव्हती.

काचेवर टकटक झाली. काकीची सून, नम्रता, टॉर्च घेऊन उभी होती. हितेश खाली उतरला.

"भाऊ, मी पडवीत होते," ती कुजबुजली. "गाडीचा दिवा लागला म्हणून पाहिलं. खोटं नाही सांगत... आई उतरल्या."

"कळलं मला," हितेश म्हणाला. "त्यांना घरी यायचं होतं. आता शांत होतील. देवाजवळ दिवा लावा."

"लावते." पण ती हलली नाही. "आईंची भीती नाही वाटली मला. घराकडे बघत बघत आल्या आणि तुळशीपाशी दिसेनाशा झाल्या. पण भाऊ... त्यांना हात धरून उतरवलं, ते कोण होतं?"

"मी तर पुढेच बसलो होतो."

"म्हणूनच विचारते. उंच होतं. आईंना खाली सोडलं, वाकून त्यांचा पदर सारखा केला... आणि परत गाडीत चढलं."

दोघांनी एकदमच गाडीकडे पाहिलं. आतला दिवा विझला होता. सरकतं दार मघाशी उघडं होतं. आता ते आतून, आवाज न करता, हळूहळू मिटत आलं होतं.

"आज राहा इथेच," नम्रता म्हणाली. "नका जाऊ."

हितेशने मान हलवली. बायकोचं औषध घरी त्याच्या हातूनच द्यायचं होतं. परवा पहाटे आप्पा पाखाडीशी येऊन उभे राहणार होते. दुसरी गाडी नव्हती, दुसरा ड्रायव्हर नव्हता. तो जड पावलांनी गेला, आपल्या जागेवर बसला आणि दार लावून घेतलं. आत काळोख होता. स्पिरिटचा वास नव्हता आता. ओल्या मातीचा येत होता.

त्याने किल्लीवर हात ठेवला. आरशात न पाहता, नव्या पेशंटाला पहिल्या दिवशी विचारायचा तशाच दमलेल्या आवाजात त्याने विचारलं,

"तुम्हाला... कुठे सोडायचं?"

मागच्या सीटवर कुणीतरी पट्टा लावल्याचा खट्ट असा आवाज झाला.