चकत्यांचा क्रम

भाविकाची जिप्सी धीरजच्या गॅरेजात आली ती उलटी. कुंभवलीतल्या त्या गॅरेजपुढे लहानसा चढ आहे. तो तिनं मान मागे वळवून रिव्हर्समध्ये चढवला.

"ताई, सरळ नाय का येत?" धीरजनं विचारलं.

"भरलेली गाडी डोंगरात सरळ चढत नाय. रिव्हर्सला जोर जास्त... सवयच लागली." ती उतरली आणि गोणपाटाचं एक जड बोचकं त्याच्या पायाशी ठेवलं. "आणि ताई नका म्हणू."

"मग काय म्हणू?"

"ते तुमी बघा."

धीरज हसला. बायको, सुलू, जाऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून तो गिऱ्हाइकाशी कामापुरतंच बोलायचा. आज हसू कुठून आलं ते त्याचं त्यालाच कळेना.

भाविका केळव्याची. घरची पानवेलींची वाडी, पण ही डोंगरातल्या पाड्यांवरून भाजी आणून बोईसरला विकायची. गोणपाटात मोडीत निघालेल्या एका जिप्सीचे गिअर होते. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्स्फर केस नावाची जी पेटी असते, तिच्यात ते बसवायचे. मग गाडी मुंगीच्या चालीनं चालते, पण ओढते दुप्पट.

"जुने हायत, पण दात शाबूत हायत," ती म्हणाली. "कधी देता?"

"दोन दिवसांत."

आठ दिवस लागले.

पेटी उघडून धीरजनं एकेक भाग निघाला त्या क्रमानं वर्तमानपत्रावर मांडला. तो चहाला गेला तेवढ्यात भाविकानं सगळं डिझेलमध्ये धुऊन चकचकीत केलं. त्यानं पेटी जोडली, गाडीला चढवली... आणि लो गिअरचा, म्हणजे त्या मुंगीच्या चालीचा, दांडा अडकला. परत उतरवली. परत जोडली. परत तेच.

ती रोज दुपारी यायची. नट पुसत बसायची आणि तो गाडीखाली असताना वरून बोलायची.

"तुमी बोलत का नाय?"

"तोंडात पाना हाय."

"मग काढा की!"

त्यानं पाना काढला आणि पुढचा नट मागितला. तिनं वाकून गाडीखाली बघितलं, आणि ओढणी ऑइलात भिजली तरी तिचं लक्ष नव्हतं.

शेजारच्या पंक्चरवाल्या भावेशनं एक दिवस विचारलंच, "काय रे, पेटी बसत नाय, का तुलाच बसवायची नाय?"

"गप रे," धीरज म्हणाला. पण रात्रभर तो त्याच प्रश्नाशी अडखळत राहिला. पेटी बसली की ही यायची बंद होणार. ते त्याला हवं होतं? नको होतं? सुलूच्या फोटोकडे बघायचंही त्यानं टाळलं.

सातव्या दिवशी त्यानं भाविकाला पेटीतल्या चकत्या, म्हणजे वॉशर, रचून ठेवताना पाहिलं. मोठी खाली, लहान वर, अगदी नेटकी चळत.

"हे... पहिल्या दिवशी पण असंच लावलं होतं?"

"मग! आमच्याकडे विड्याची पानं अशीच लावतात."

धीरजनं हातातला पाना खाली ठेवला. गिअरच्या दोन बाजूंच्या दोन चकत्या, जाडीत केसाएवढ्या फरकाच्या. त्यांची अदलाबदल झाली होती. पंधरा वर्षं मिस्त्रीकाम केलेला माणूस, आणि त्यानं एकदाही मोजून बघितलं नाही!

"माझ्यामुळे झालं?" तिचा चेहरा उतरला. "रागावलात?"

"रागावायला पायजे..." तो म्हणाला. "पण राग येत नाय. का नाय येत, ते पण कळत नाय."

ती त्याच्याकडे बघत राहिली — जरा जास्तच वेळ.

दुसऱ्या दिवशी दोघं डोंगरात गेले. खालच्या पाड्यांवरच्या भोपळ्यांनी भरलेली गाडी वरच्या पाड्याच्या सगळ्यात वाईट चढावर त्यानं लो गिअरमध्ये घालायला लावली. गाडी घुर्र करत, दगडांवरून एकेक चाक टाकत, सरळ वर गेली. भाविका ओरडलीच आनंदानं. धीरज मात्र लो गिअरच्या दांड्याकडेच बघत होता. काम संपलं होतं.

वर साखरबाई, तिची नेहमीची भाजीवाली, दारात उभी होती. "ह्यो कोन गं? घोव का तुजा?"

"त्यांनाच विचार," भाविका म्हणाली, आणि थांबली.

"मी... मिस्त्री," धीरज म्हणाला.

उतारावर भाविका गिअरचा दांडा खाडकन टाकत होती.

"दात तुटतील," तो म्हणाला.

"तुटू देत. मिस्त्री हाय ना!"

"थांबव गाडी... भाविका, थांबव."

तिनं ब्रेक मारला. आठ दिवसांत त्यानं तिला पहिल्यांदा नावानं हाक मारली होती.

"मी खोटं सांगितलं वर," तो म्हणाला. "म्हणजे मिस्त्री हाय. पण तेवढाच नाय. सुलू रोज आठवते मला. ती आठवते आणि तू आलीस की बरं वाटतं... दोन्ही एकदम कसं होतं, ते कळत नाय मला."

"मी कुठे सांगितलं तिला विसरा म्हणून?" तिचे डोळे भरले होते, आवाजात मात्र तोच ठसका. "पण हे मला काय सांगता? वर जिला खोटं सांगितलंत तिला सांगा."

आणि तिनं गाडी वळवली.

साखरबाई अजून दारातच होती. "काय ऱ्हायलं?"

धीरज खाली उतरला. चपलेनं माती उकरली. "तुमी मघाशी विचारलंत ना... तसं अजून नाय काय. पण रविवारी केळव्याला चाललोय, हिच्या घरी. विचारायला."

स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेल्या भाविकालाही हे तेव्हाच कळलं.