कोसमटोल्याच्या फाट्यावरची घंटी

विश्वास ठेवा, नका ठेवू. पण ही गोष्ट खरी आहे.

गुणवंतराव रामटेके यांच्यासोबत ती घडली. साल १९८५, थंडी नुकतीच पडू लागली होती. जागा आरमोरीपलीकडच्या जंगलातली.

गुणवंतराव एसटीत होते. नवीन बस कोणत्या रस्त्यानं न्यायची, कुठं थांबवायची, हे पाहायचं त्यांचं काम. त्या दिवशी रिकामी बस घेऊन ते चाचणीला निघाले होते. सोबत फक्त ड्रायव्हर लटारू. कंडक्टर नव्हताच.

दोन रस्ते होते. एक डांबरी, सरळ. दुसरा कच्चा, कोसमटोला गावातून वळसा घेणारा. कच्च्या रस्त्यावरच्या नाल्यातून बस कशीबशी निघाली, तेव्हाच गुणवंतरावांनी मनाशी ठरवलं. इथून बस नाही.

गावात बायनाबाई नावाची एक बाई त्यांच्या समोर येऊन उभी राहिली.

"साहेब, बस येईन ना?"

"पाहू, बाई."

"पाहू नोका म्हणू. माही लेक कमळा याच पावसाळ्यात गेली. पोट दुखाले लागलं, त खाटेवर टाकून नेलं तिले. फाट्यावरच जीव गेला. लेकरू पोटातच राह्यलं..."

गुणवंतरावांनी मान खाली घातली. पण निर्णय बदलला नाही.

परत निघाले तेव्हा दिवस मावळत होता.

फाटा आला.

आणि...

टण्!

एक घंटी. म्हणजे थांबा.

लटारूनं सवयीनं ब्रेक मारला.

"साहेब, घंटीची दोरी तुमी ओढली?"

"मी? मी त तुह्या पाठीमागंच बसलो आहो."

इंजिन तेवढं धडधडत होतं.

मागचं दार करकरलं...

मग पत्र्यावर काहीतरी घासल्याचा आवाज आला. लाकडी. जड. खाटेचे पाय घासावेत तसा.

बस मागच्या बाजूनं खाली दबली.

"मांगं पाहू नोका, साहेब," लटारू पुटपुटला.

टण् टण्!

चला.

लटारूनं गाडी अशी काढली की विचारू नका. खड्डा पाहिला नाही, वळण पाहिलं नाही. गुणवंतरावांना राहवलं नाही. त्यांनी मागं पाहिलं.

सगळ्या सीटा रिकाम्या.

फक्त छताची दोरी ताणलेली होती. कोणीतरी घट्ट धरून ठेवावी तशी.

आणि कण्हणं... बाईचं. दात दाबून सोसलेलं.

"घाई कर, लटारू," गुणवंतराव म्हणाले. कोणासाठी घाई, ते त्यांनाही कळलं नाही.

आरमोरीच्या दवाखान्यासमोर बस थांबली. कोणी थांबवायला सांगितलं नव्हतं. लटारूचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

कण्हणं थांबलं.

एक क्षण काहीच नाही...

मग बसमध्ये लेकरू रडलं.

नुकतं जन्मलेलं, कोवळं रडणं.

दवाखान्यातून नर्सबाई धावत आली. "कोणाले आणलं? बाळाचा आवाज आला ना आता!"

तिघांनी बस धुंडाळली. सीटाखाली वाकून पाहिलं. कोणीच नव्हतं. रडणंही थांबलेलं.

गुणवंतरावांनी बस कोसमटोल्यावरूनच नेली. वरच्या साहेबांशी भांडून, नाल्यावर पूल बांधून घेऊन. पहिल्या दिवशी बायनाबाईनं बसला हळदकुंकू लावलं. त्यानंतर त्या गावची एकही बाई बाळंतपणाला नेताना वाटेत दगावली नाही.

पण गुणवंतराव स्वतः त्या बसमध्ये पुन्हा कधी बसले नाहीत.

बदली होऊन चंद्रपूरला आले, तरी चैन नव्हतं. त्या रस्त्यावरचा कोणी कंडक्टर भेटला की त्याला बाजूला घ्यायचे. हळूच विचारायचे, "फाट्याच्या पुढं... लेकरू रडते काय रे?"

कंडक्टर हसायचा.

"रडते ना साहेब. रोजच रडते. बस म्हटली की लेकरं रडतेच. कोणाचं ना कोणाचं असतेच ना!"



कोणाचं, हे विचारायची गुणवंतरावांची हिंमत कधीच झाली नाही.