विसावा डगला

“बाई, ती चोरी करूच शकत नाही! घड्याळ गेलं तेव्हा पोरगी माझ्यासमोर बसून गणितं सोडवत होती.”

फोनवर शाळेचे मास्तर होते. तपासनीस बाईंनी फाइल पुढ्यात ओढली. सुधार केंद्राच्या सरकारी अनुदानाची तपासणी करायला त्या सकाळीच आल्या होत्या. गुन्हा केलेल्या मुलांना केल्याची जबाबदारी घ्यायला शिकवायचं, त्यासाठी हे अनुदान. अट एकच, मुलं निदान वीस हवीत. विसावी होती बारा वर्षांची चिमणी. चोरीचं घड्याळ तिच्या दप्तरात सापडलं होतं, आणि तिने चोरी कबूल केली होती.

चिमणी अंगण झाडत होती. केंद्राचा निळा डगला तिच्या अंगावर बेतल्यासारखा बसला होता. बाकीच्या पोरांचे डगले गुडघ्यांशी लोळत होते.

“घड्याळ तू घेतलंस?”

“हो.”

“दुकानात कुठे ठेवलं होतं?”

चिमणीने फाटकाकडे पाहिलं. “आठवत नाही.”

फाटकावर पहारेकरी होता तिचा मामा. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला वाढवलं होतं.

“माझ्या घासातला घास दिला, बाई,” तो म्हणाला, “आणि पोरीने असे पांग फेडले!”

बाई तडक केंद्राचे डगले शिवणाऱ्या शिंप्याकडे गेल्या.

“मुलीचा डगला कधी बेतलात?”

“चार तारखेला. वीस नग एकदम द्यायचे होते.”

“माप?”

“कुणीतरी जुना फ्रॉक ठेवून गेलं होतं. मी तेव्हा जेवायला गेलो होतो.”

चोरी झाली होती बारा तारखेला.

बाईंनी मामा आणि भाची दोघांनाही ऑफिसात बोलावलं.

“चोरीच्या आठ दिवस आधी चिमणीचा डगला बेतला गेला. ती इथे येणार हे तेव्हा कुणाला ठाऊक होतं? ज्याने चोरी घडवून आणली, त्यालाच. तिचा जुना फ्रॉक कुणाच्या घरात असणार? मुलं एकोणीसच राहिली असती तर केंद्राला कुलूप, आणि पहिली गदा पहारेकऱ्यावर. घड्याळ तुम्ही उचललंत, मामा. तिच्या दप्तरातही तुम्हीच टाकलंत.”

मामाने हात जोडले. “सहाच महिने राहायचं होतं तिला इथे, बाई. तिला दोन वेळचं मिळालं असतं. नोकरी गेली असती तर दोघं उघड्यावर पडलो असतो.”

“चिमणी, तुला माहीत होतं?”

“दप्तरात टाकताना पाहिलं मी.”

“मग कबूल कशाला केलंस?”

“मला दुसरं कोण आहे?”

मामाला पोलीस घेऊन गेले. महिन्याभरात अनुदान बंद पडलं. उरलेली एकोणीस पोरं लांबच्या बंदिस्त सुधारगृहात गेली. चिमणी मात्र मामाला नेलं त्याच संध्याकाळी निर्दोष सुटली होती. पण सोपवायची कुणाच्या हाती? बाईंनी दुपारभर फोन केले होते. एकही नातेवाईक पुढे आला नाही.

अनाथाश्रमाची गाडी आली. पायरीवर पाय ठेवून चिमणी मागे वळली.

“मी हो म्हणाले होते ना, बाई? मग तुम्ही ऐकलं का नाहीत?”

गाडी निघून गेली.