लेकरांच्या माळाचा मुरूम

दुधाची वाटी ओट्यावरून पडली. घरात इतकी शांतता होती की ती फरशीवर गरगर फिरून, खणखणत, उपडी होऊन बसेपर्यंत स्वप्ना नुसती ऐकत उभी राहिली. मितू जागी झाली नाही. अंगणवाडी बंद, सासूबाई युसूफ वडगावला लेकीकडं गेलेल्या, म्हणजे पोरीला आज साइटवर न्यावं लागणार. स्वप्नानं वाकून वाटी सरळ केली. कालपासून तिला तो उपडा आकार बघवत नव्हता.

माजलगावच्या खालच्या अंगाला सिंदफणेवर पूल होत होता आणि स्वप्ना तिथं ज्युनिअर इंजिनिअर होती. पूल झाला की लोक खांब बघतात. त्याच्या आधीचं तिचं काम कुणाला दिसत नाही. पायासाठी खोल भोकं पाडणारी रिग म्हणजे साखळ्यांवर चालणारं उंचच उंच धूड. काळ्या मातीत उभी केली तर ती कलंडते, आणि ती कलंडते तेव्हा खाली माणसं असतात. म्हणून आधी तिच्यापुरती जमीन घडवायची. काळी माती पार खडकापर्यंत उपसायची, दगड भरायचा, त्यावर मुरूम, पाणी, रोलर, परत मुरूम, परत पाणी, परत रोलर. शेवटी लोखंडी पाट ठेवून वर वजन द्यायचं, पाट किती दबतो ते काट्यावर बघायचं, आणि मगच स्वप्नानं रिग चढवायला हो म्हणायचं.

काल काटा उलटा फिरला. वजनाखाली दबायचा तो पाट वर आला.

तिनं काटा बदलून पाहिला. तेच. मग ती गुडघ्यांवर बसली, आणि तिरप्या उन्हात तिला पाटाशेजारी मुरमाचा एक उंचवटा दिसला. उपड्या वाटीएवढा. रोलरवाल्या आश्रुबानं त्यावरून रोलर फिरवला, तो सपाट झाला. हातभर पलीकडं दुसरा उठला, जरासा सरकला आणि आपोआप बसला.

"काळी माती फुगती, मॅडम," ठेकेदार विजयसिंह जीपमधूनच म्हणाला. "कालेजात शिकवलं न्हाई का?"

"काळी माती आपण उपसून टाकलीय, साहेब. खाली खडक आहे. आणि भर वैशाखात तिला फुगायला पाणी कुणी पाजलं?"

तो हसला न् निघून गेला. स्वप्नानं आजूबाजूला बघून मुरमावर तळहात टेकवला. खालून काहीतरी येऊन हाताला लागलं आणि मागं गेलं. ही हालचाल तिच्या हाताला ओळखीची होती. दिवस भरत आले की भिंतीला टेकून बसल्यावर साडीखालून असाच टाचेएवढा गोळा उठायचा.

तिनं हात झटकून घेतला होता. उन्हाचा भास, असं स्वतःला बजावलं होतं.

आज मितूला पत्र्याच्या सावलीत चुरमुरे देऊन बसवते न बसवते, तोच आश्रुबा जवळ आला. टोपी हातात, नजर खाली.

"ताई, तुमाला कुनी सांगितलं न्हाई वाटतं. ह्यो मुरूम खानीवरचा न्हाई. लेकरांच्या माळावरचा हाय."

गावात मोठ्या माणसाला जाळतात. अंगावर पिणारं लेकरू गेलं की त्याला माळाच्या उतारावर मातीत ठेवतात. मितूच्या आधीचा स्वप्नाचा मुलगाही तिथंच होता, बारशाच्या आत गेलेला. ती दवाखान्यात असतानाच सासऱ्यांनी त्याला नेऊन ठेवलं. जागा कुणी तिला दाखवली नाही. बाईनं तिकडं जायचं नसतं म्हणे. इतकी वर्षं ती एसटीच्या खिडकीतून नुसती त्या उताराकडं बघत आली होती.

तिला वाटलं आता रडू येईल. आला तो संताप, टाळूपर्यंत.

"कुणाला विचारून माळ खणला?" विजयसिंहची जीप आली तशी ती तिच्या दारातच उभी राहिली.

"माळ सरकारी हाय. मुरूम तो मुरूम."

"तिथं लेकरं आहेत."

"हुती," विजयसिंह म्हणाला. "आता डंपरभर मुरमात कुनाचं काय हुडकनार, मॅडम?" आणि कुणीतरी हसेल म्हणून त्यानं मजुरांकडं पाहिलं. कुणी हसलं नाही.

"सगळा उचला. कणन् कण माळावर परत न्या. आजच्या आज. नाहीतर मी हो म्हणत नाही."

"नका म्हनू. समाधान! चढव बे रिग!"

रिगचा ऑपरेटर समाधान एकदा तिच्याकडं, एकदा ठेकेदाराकडं बघत राहिला. मग इंजिन धडधडलं. साखळ्या करकरत पुढं सरकल्या आणि मुरमावर चढल्या.

स्वप्ना धावली. "थांबव! अरे, थांबव!" धुरळ्यात तिचा आवाज तिलाच ऐकू आला नाही.

पण रिग थांबली. तिच्यापासून हातभर अंतरावर.

इंजिन बंद झालं. समाधान खाली उतरला.

"खालून ढकलतंय, साहेब."

"माती फुगती, येड्या."

"फुगत न्हाई." तो हळू बोलला. "घरी बायकोला सातवा हाय. मला कळतंय काय हाय ते."

त्यानं रिगची चावी स्वप्नाच्या हातात ठेवली आणि मागं न बघता नदीकडं चालू लागला.

"दुसरा ऑपरेटर आनतो!" विजयसिंह ओरडला. "कोन आडवतंय बघू!"

"आणा," स्वप्ना म्हणाली, आणि साखळ्यांपुढं मांडी घालून बसली. "आधी मला उचलावं लागेल."

जीप गेली. मजूर लांब जाऊन उभे राहिले. वारा पडला होता.

मग तिला दिसलं की पत्र्याची सावली रिकामी आहे.

मितू रिगच्या पलीकडं पालथी लवंडली होती, गाल मुरमावर, हात पसरलेला. त्या चिमुकल्या हाताखाली मुरूम उचलला गेला. या वेळी तो सरकला नाही. बसलाही नाही. तिच्या तळहाताला टेकून तसाच राहिला.

मितू खुदकन हसली. झोपलेलं कुणी उठू नये तशा दबक्या आवाजात तिनं विचारलं,

"आई, ह्याचं नाव काय गं?"