माय मेलेली पोर

"हिची माय मेली... पार मेली! आता म्याच हिची आय आन म्याच बाप!"

लिंबाखालून चांगुणाबाईचा तो ठणठणीत आवाज वाऱ्यावर आला आणि गौतमीच्या हातातली मोजमापाची टेप निसटून मुरमावर पडली. जिची माय मेली म्हणून सासू कामावरच्या बायांना खुशाल सांगत होती, ती पोर गौतमीच्याच पोटची होती. आणि ती 'मेलेली' माय हाकेच्या अंतरावर, डोक्यावर पदर घेऊन, भर उन्हात उभी होती...!

टेप उचलायला ती वाकली. झोळीतली पोर रडू लागली, तसा तिच्या छातीत पान्हा दाटून आला. तिनं घाईघाईनं पदर पुढं ओढला. ओली चोळी कुणी पाहिली तर...?

कामावरच्या दगडाबाईनं पाटी डोक्यावर घेता घेता हाक मारली, "बाई, लगनाला इतकी वर्सं झाली म्हणं! कागदावर रेघा वढून पाळणा हालत नसतोय बरं!"

बाया खदखदून हसल्या. गौतमीही हसली. तसं हसता येतं हे तिला याच वर्षी कळलं होतं.

शहाऐंशीचा तो करपलेला उन्हाळा. परंड्याजवळच्या माळावर रोजगार हमीचं पाझर तलावाचं काम चाललं होतं. ऊसच नाही म्हणून साखर कारखान्याचं धुराडं थंड पडलं होतं, आणि तिथं हंगामी कामाला असलेला गौतमीचा नवरा मच्छिंद्र पोटासाठी पुण्याकडं गेला होता. गौतमीनं बांधकामाची पदविका घेतली होती. या कामावरची एक वर्षाची शिकाऊ उमेदवारी पुरी झाली की सरकारी नोकरीची वाट उघडणार होती. हे एक वर्ष म्हणजे त्या घराचा शेवटचा आधार होता.

पण पहिल्याच दिवशी कामावरचे इंजिनिअर पंचाक्षरी साहेब म्हणाले होते, "अंगावर पिणारं पोर असलेली बाई मला कामावर नको. इथं सुरुंग उडतात. मागं एका कामावर मी फार वाईट पाहिलंय. तुम्हाला मूलबाळ?"

"नाही, साहेब."

किती सहज निघाला तो शब्द! आणि निघताक्षणीच तिच्या काळजात जी भीती शिरली, ती पुन्हा बाहेर पडलीच नाही. आपल्या जिवंत लेकराला आपण 'नाही' म्हटलं... नियतीनं ते ऐकलं असेल का?

घरी येऊन ती ओक्साबोक्शी रडली, तेव्हा चांगुणाबाई एवढंच म्हणाली होती, "न्हाय म्हणलीस न्हवं? मग आता न्हायच. पुढचं म्या बघते."

आणि तिनं खरंच बघितलं. कामावर मजुरांची लेकरं सांभाळायला एक बाई लागते, ते काम तिनं मिळवलं आणि पोरीला, सुमीला, माय मेलेली नात म्हणून लिंबाखालच्या झोळीत आणून टाकलं. दुपारच्या सुट्टीत ती सुमीला बाभळीच्या झुडपाआड घेऊन येई आणि गौतमी पाजून होईतो राखणीला उभी राही. पोर बोलू लागली तशी सासूनं आणखी एक गोष्ट केली. स्वतःकडं बोट दाखवून शिकवलं, "आय." गौतमीकडं बोट दाखवून शिकवलं, "बाई."

स्वतःच्या छातीला बिलगलेलं लेकरू तोंड वर करून 'बाई' म्हणालं, त्या दुपारी गौतमीच्या हृदयाच्या चिंधड्या झाल्या होत्या.

पण त्याहून तिला भिववत होतं ते वेगळंच. त्या दिवशी घरी आल्यावर, दिवेलागणीला, तिनं ते पुन्हा पाहिलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव स्वतःच्या हातांनी विहिरीत सोडणारी चांगुणाबाई उंबऱ्याशी वाकली, जिथं गौतमीचं पाऊल पडलं होतं नेमकी तिथली चिमूटभर माती उचलली, मीठमोहऱ्यांत मिसळली आणि ओठांतल्या ओठांत काही पुटपुटत चुलीत टाकली. तडतड आवाज झाला. धूर उठला. गौतमीच्या अंगावर सरसरून काटा आला. दिवसा ही बाई आपल्याला मेली म्हणते... आणि संध्याकाळी आपल्या पायाची माती जाळते!

"आत्या!" तिला राहवलं नाही. "मला मेली मेली म्हणून किती दिवस मिरवणार आहात? मी मरावं असंच वाटतं ना तुम्हाला? म्हणजे पोर कायमची तुमची!"

चांगुणाबाई चुलीपुढून हलली नाही. तिनं ताट पुढं सरकवलं.

"जेव," ती म्हणाली. "सकाळी लवकर जायचंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी गौतमी बाभळीकडं गेली नाही. सासूचं तोंड बघायचं नाही, अशा हट्टानं ती सांडव्याच्या खडकाजवळ नुसती बसून राहिली. छाती ठणकत होती. जाते, आत्ता जाते... असं घोकत असतानाच साहेबांनी हाक मारली. सांडव्यात सुरुंग उडवायचे होते, आणि वाटेवर लाल झेंडा घेऊन उभं राहायचं काम तिचं होतं.

"बार हायऽऽ! पळाऽऽ!" सुरुंगवाल्या खाजाभाईनं आरोळी दिली आणि वाती पेटवून तो धावत सुटला. बाया पाट्या टाकून पांगल्या. माळ कसा चिडीचूप झाला. गौतमीनं झेंडा उंच धरला... आणि तिला ती दिसली.

सुमी!

लिंबाखालून निघालेली, नुकतीच पाय फुटलेली तिची भुकेली पोर, सांडव्याच्या कडेकडेनं, लाल फडक्याचा नेम धरून दुडूदुडू येत होती. दोन्ही हात पुढं पसरलेले. "बाई... बाई..."

क्षणभर गौतमीचे पाय जमिनीत रुतले. हाक मारली तर सगळं उघडं पडेल... आणि पुढच्याच क्षणी तो विचार जळून गेला. झेंडा कुठं पडला तिला कळलं नाही.

"सुमेऽऽ! माझ्या लेकराऽऽ!"

तिनं पोरीला उचलून छातीशी धरलं, तोच पाठीमागून कुणीतरी दोघींवर झेप घेतली. माती तोंडात गेली. आभाळ फाटल्यासारखा आवाज झाला, मग दुसरा, आणि वरून दगडांचा पाऊस...

धूळ बसली तेव्हा सुमी किंचाळत होती. जिवंत होती! गौतमीवर पालथी पडलेली चांगुणाबाई कण्हत होती. तिचा पाय गुडघ्याखाली मोडला होता आणि लुगडं रक्तानं भिजत होतं.

साहेब धावत आले. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ही पोर कुणाची आहे?"

"माझी!" गौतमी हुंदका देत म्हणाली. "माझी आहे, साहेब. मी खोटं बोलले. काढा मला... पण आधी माझ्या सासूला दवाखान्यात न्या!"

तशी त्या वेदनेतही चांगुणाबाई हातावर उठायला धडपडली.

"खोटं बोलती ती, सायेब! तिला भीतीनं भरम झालाय! पोरीची माय मेलीया... म्या सांगते, मेलीया! तिला काढू नगा... पाया पडते, तिला काढू नगा..."

मग खाजाभाईनं डोक्याचा रुमाल सोडून त्या पायावर आवळला आणि खाली मान घालूनच म्हणाला, "साहेब, पैल्या दिवसापास्नं सगळ्यांला ठावं हाय. लेकराचं नाक बगा अन् बाईचं बगा."

"आमी तर मुद्दाम छेडत हुतो," दगडाबाई डोळे पुसत म्हणाली, "तुमाला शक यीऊ नये म्हणून."

पंचाक्षरी साहेबांनी सुमीकडं पाहिलं. मग त्यांनी धुळीत पडलेला झेंडा उचलला.

"झेंडा टाकून पळालात, ही चूक मी विसरणार नाही," ते गौतमीला म्हणाले. "पण पोरीला बघूनही जागच्या हलला नसतात, तर आज मी तुम्हाला नक्की काढलं असतं. जीप बोलवा. आणि उद्यापासून सुरुंगाच्या वेळी ही पोर झेंड्याच्या मागं, तुमच्या कडेवर पाहिजे."

काही दिवसांनी पायाला लाकडी पट्ट्या बांधलेली चांगुणाबाई दवाखान्यातून घरी आली ती दिवेलागणीलाच. गौतमी तिच्या उशाशी बसली.

"आत्या... ती माती..."

"तुझ्या पायाचीच." चांगुणाबाई क्षीण हसली. "रोज तिथं बार उडत्यात. तू घरला आलीस की ईडापिडा जाळायची म्या. आन जित्या माणसाला मेलं म्हणलं की त्याचं आयुष्य वाढतंय, येडे! येवढं कॉलीज शिकलीस, न्हाय सांगितलं कुणी? म्हणून तर म्या मोठ्यांदा सांगायची... लांबवर ऐकू जावं म्हणून."

गौतमीनं त्या खरखरीत हातांवर कपाळ टेकलं आणि तिला रडू आवरेना. किती अपराधी होती ती! आणि किती श्रीमंत...

थोड्या वेळानं ती उठली. या सगळ्याला अंधश्रद्धा म्हणणारी ती, मूठभर मीठमोहऱ्या घेऊन सासूवरून ओवाळू लागली. ओवाळतानाचे शब्द तिला येत नव्हते. चांगुणाबाईनं एकेक सांगितला, तिनं मागोमाग म्हटला. चुलीत तडतड झाली.

चांगुणाबाईनं सुमीला जवळ ओढून गौतमीकडं बोट दाखवलं. "म्हण, आय."

सुमीनं आईकडं नीट निरखून पाहिलं.

"बाई."

"आगं, आता लपवायचं न्हाय," चांगुणाबाईनं तिला गौतमीकडं वळवलं. "तुझी माय जित्ती झाली, बाळा. आय म्हण, आय!"

"बाई," सुमी म्हणाली आणि दोन्ही हात पुढं पसरून गौतमीकडं निघाली.